‘घेऊ नये’ असे मी लिहिले

अमरावतीच्या एका महाविद्यालयाची स्मरणिका गेल्या उन्हाळ्यात माझ्या हाती आली. तिच्यात तिथले निवृत्त क्रीडाशिक्षक इंगळे सर यांनी अंकुश नावाच्या वेगवान गोलंदाजाविषयी एक वाक्य लिहिले आहे : ‘पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे या गुणी खेळाडूची व्यावसायिक संघातली निवड हुकली.’ हे वाक्य खोटे आहे. अकोल्यात, जठारपेठेतल्या ज्या टपरीवर माझ्या वयाची मंडळी सकाळी चहाला जमतात, तिथे याच प्रकरणाची दुसरी आवृत्ती चालते : मी पडलो अकोल्याचा, म्हणून निवडीच्या वेळी अमरावतीचा पोरगा मी कापला. हेही खोटे. तिसरे मत माझ्या हितचिंतकांचे. ते म्हणतात, मास्तरांचे डोळे तेव्हा अधू झाले होते, आणि चूक कोणाकडून होत नाही? हे मत सर्वांत सौम्य आहे आणि मला तेच सर्वांत जास्त झोंबते, कारण माझे दोन्ही मोतीबिंदू त्याच्या आदल्याच वर्षी काढलेले होते आणि चेंडूची शिवण कुठल्या बाजूला कलली आहे हे मला सीमारेषेवरून दिसत असे.

तेव्हा काय घडले ते मीच लिहितो. ते या तिन्ही कथांपेक्षा मला अधिक खाली पाहायला लावणारे आहे. माणूस स्वतःची अब्रू वाढवण्यासाठी खोटे बोलतो, घालवण्यासाठी बोलत नाही, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

अकोल्यातल्या महाविद्यालयातून शारीरिक शिक्षणाचा संचालक म्हणून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षे मी एका व्यावसायिक क्रिकेट संघासाठी वऱ्हाडातली पोरे हेरण्याचे काम केले. या संघांचा दरवर्षी लिलाव होतो, तो सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिलेला असतो. परंतु ज्या पोराचे नाव कोणी ऐकलेले नाही, ते त्या लिलावाच्या यादीपर्यंत पोहोचते कसे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ते आमच्यासारख्यांच्या पायांनी पोहोचते. आम्ही आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना न सांगता जाऊन बसतो. हातात पिशवी, डोक्याला रुमाल. लोकांना वाटावे, कोणाचा तरी काका डबा घेऊन आला आहे. बळी किती मिळाले हे आम्ही पाहत नाही; ते धावफलकावर कोणालाही दिसते. चौकार बसल्यावर गोलंदाज आपल्या जागेकडे कसा परत जातो, दुसऱ्या टप्प्यातल्या तिसऱ्या षटकात त्याचा हात खाली येतो का, झेल सोडणाऱ्या सोबत्याशी तो काय बोलतो, हे पाहतो. मग एक अहवाल जातो. त्याच्या शेवटी तीनपैकी एकच शेरा लिहायचा : ‘घ्यावा’, ‘पुन्हा पाहावा’ किंवा ‘घेऊ नये’. वरची दोन पाने कोणी वाचो न वाचो, हा शेरा सगळे वाचतात.

या कामात माणसे नाना प्रकारची भेटतात. अकोल्याचे एक गृहस्थ मला मैदानाच्या फाटकापाशी गाठून म्हणाले, “सर, माहा पोरगा साठच्या स्कुटरपेक्षा जोरात टाकते. म्या सोता बाजूनं स्कुटर चालवून पायली.” मी त्यांना विचारले की स्कुटर चालवत असताना चेंडू कोण पाहत होते. ते म्हणाले, “त्याची माय, मांगं बसून.” त्या माउलीच्या साक्षीवर मी पोराचे सहा चेंडू पाहिले. पोरगा साठचा नव्हता, पण हाती बॅट दिल्यावर फलंदाज बरा निघाला, आणि हे त्याच्या बापाला पटवण्यात माझी दुपार गेली.

आता माझ्या स्वतःच्या पद्धतीविषयी. मी बूट पाहत असे. उजव्या हाताने वेगवान टाकणाऱ्याचा उजवा पाय, चेंडू सुटण्याच्या क्षणी, जमीन घासत पुढे येतो. त्यामुळे उजव्या बुटाचे नाक झिजते. ते समोरून, अंगठ्याच्या बाजूने झिजले असेल, तर कंबर आणि खांदे एकत्र वळतात असे समजावे. करंगळीच्या बाजूने झिजले असेल, तर कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला जातात, धुतलेले धोतर पिळावे तसे शरीर पिळले जाते आणि दोन-तीन हंगामांत कमरेचा मणका दगा देतो. हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाही. तीस वर्षे पोरांचे बूट पायऱ्यांवर वाळत पडलेले पाहून मी ते शिकलो. बडनेऱ्याच्या रेल्वे मैदानावरचा एक किरकोळ अंगाचा पोरगा सर्वांनी नाकारला होता. त्याचा बूट पाहून मी ‘घ्यावा’ लिहिले आणि तो पाच हंगाम खेळला. त्यानंतर माझ्या संघात ‘मास्तरांचा बूट’ हा शब्दच रूढ झाला. मी तो कौतुकाने ऐकत असे. आज सांगतो, तिथूनच बिघडायला सुरुवात झाली. पद्धतीत नव्हे, माझ्यात.

अंकुश शेंदूरजनाघाटचा. घरची संत्र्याची बाग, बाप आणि चुलते एकत्र, पोरगा अमरावतीला शिकायला. हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात मी त्याला पाहिला. शेवटचे वर्ष होते. विद्यापीठाची वयोमर्यादा त्यानंतर संपणार होती, म्हणजे या लिलावाला नाही तर पुढे कोणी त्याला पाहायला येणार नाही, हे तो, मी आणि इंगळे सर तिघेही जाणून होतो. त्याची धाव बारा पावलांची, मोजकी. चेंडू टप्प्यावर पडून फलंदाजाच्या हनुवटीशी येत असे. चौकार बसला की तो वळताना किंचित हसत असे, जणू फलंदाजाने चांगला प्रश्न विचारला. मी पंचवीस वर्षांत असा हात पाहिला नव्हता. माझ्या वहीत त्या दिवशीचे पान आहे, त्यावर फक्त ‘अहाहा’ असे लिहिले आहे. मी वहीत असले शब्द लिहीत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी पायऱ्यांकडे गेलो. त्याचे बूट उन्हात ठेवलेले होते. उजव्याचे नाक करंगळीच्या बाजूने पार झिजून गेले होते आणि चांभाराने तिथे चामड्याचे ठिगळ लावले होते. मी बूट उचललाही नाही, वाकून पाहिला. शेजारी त्याचे मोजे होते, दोन जोड्या, एकावर एक घातलेल्या. फोड येत असतील, असे मी मनाशी म्हटले आणि तो विषय तिथेच सोडला.

परतताना इंगळे सरांना मी बाजूला घेऊन सांगितले, “पोरगा हिरा आहे, पण कंबर कच्ची आहे. दोन हंगामांत बसेल. त्याला जपायला सांगा.” इंगळे सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “सर, तुमी म्हनता म्हंजे असनच.” हे वाक्य मी त्या वेळी मानाचे समजलो.

अहवालात मी ‘घेऊ नये’ लिहिले. नागपुरात संघाची बैठक झाली तेव्हा एका तरुणाने त्यावर प्रश्न केला. तो पुण्याचा, संगणकावर खेळाडूंच्या चित्रफिती तपासणारा. वयाने माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलासारखा. तो नम्रपणे म्हणाला, “सर, चित्रफितीत कंबर आणि खांदे एका रेषेतच दिसतायत. मी चार कोनांतून पाहिलं.” खोलीत दोघे-तिघे हसले, त्याला हसले की मला, हे मला कळले नाही, आणि न कळल्यामुळेच मी चढलो. मी म्हणालो की चित्रफीत एका दिवसाची असते, बूट शंभर दिवसांचा असतो. चार कोनांतून पाहणाऱ्याने एकदा वाकून पाहावे. या वेळी सगळे हसले, आणि कोणाला हसले ते स्पष्ट होते. विषय संपला.

लिलावाला नऊ दिवस उरले असताना मी दुसऱ्याच एका यष्टिरक्षकाला पाहण्यासाठी अमरावतीला गेलो. महाविद्यालयाचा तो हंगामातला शेवटचा सामना होता. सामना संपल्यावर अंकुश पायऱ्यांवर बसला, त्याने बूट काढले, पुसले, आणि बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला जाड पेनाने काहीतरी लिहून बूट दुसऱ्या वर्षाच्या एका पोराच्या हाती दिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मैदानाची देखभाल करणारे रहीमचाचा माझ्या शेजारी दोरी गुंडाळत उभे होते. हे काय चालले आहे, असे मी त्यांना विचारले.

चाचा म्हणाले, “पहले नंबर का जूता है साहब. जो पहली ओवर डालेगा, उसका. जानेवाला आनेवाले को देता है, नाम लिख के. इधर का रिवाज है.”

अंकुशला हे बूट केव्हा मिळाले, असे मी विचारले. दिवाळीच्या सुमारास, ते म्हणाले. त्याच्या आधी तीन वर्षे पहिले षटक टाकणाऱ्या अमोलकडे होते. “अमोल की तो कमर गई ना. बिस्तर पे था बेचारा छह महीने. अंकुश को ये बडे पडते थे, दो मोजे पहनता था.”

मी पायऱ्यांकडे गेलो आणि नव्या पोराच्या हातून बूट मागून घेतला. जीभ उलटली. आत एकाखाली एक चार नावे होती. तिसरे अमोलचे, चौथे अंकुशचे; चौथ्याची शाई ओली होती. मग मी बूट उलटा केला. ठिगळाच्या जागी अमोलची जुनी झीज होती. तिच्या शेजारी, अगदी समोर, अंगठ्याच्या बाजूला, एका हंगामाची ताजी झीज होती, सरळ आणि स्वच्छ. अंकुशची. बूट खरेच सांगत होता. माझी पद्धत खरी होती, हे मी आजही कोणाशीही भांडून सिद्ध करीन. मी फक्त दुसऱ्याच माणसाचा बूट वाचला होता, आणि ज्या जिभेवर त्या माणसाचे नाव लिहिलेले होते, ती उलटून पाहण्याची तसदी घेतली नव्हती.

इथपर्यंतची चूक मी माफ करू शकतो. माझे हितचिंतकही करतील. पुढचे ऐका.

बडनेऱ्याला अकोल्याच्या गाडीसाठी मी तासभर फलाटावर बसलो होतो. खिशात फोन होता आणि त्यात त्या पुण्याच्या पोराचा क्रमांक होता. एक वाक्य बोलायचे होते : माझा शेरा चुकला, अंकुशला घ्यावे. ते वाक्य मी मनात पुष्कळदा जुळवले. प्रत्येक वेळी त्याच्या पुढे नागपूरची ती खोली येई आणि ते हसणे. ‘मास्तरांचा बूट’ दुसऱ्याचा निघाला, हे ऐकून त्या खोलीत काय होईल, ते मला दिसत होते. गाडी आली. मी चढलो. मनाला सांगितले की असा हात कोणाच्या ना कोणाच्या नजरेत भरेलच, आपला एक संघ नसला तर काय बिघडते. हेही खोटे आहे हे मला ठाऊक होते. आमच्या धंद्यात संघ वेगळे असले तरी हेरणारे एकमेकांना विचारतात. ‘कंबर कच्ची’ हा माझा शब्द एव्हाना नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत पोहोचला होता, आणि तो माझा होता म्हणून कोणी तपासत नव्हते.

लिलावाच्या दोन दिवस आधी त्या तरुणाचाच फोन आला. तो म्हणाला, “सर, वेगवान गोलंदाजाची एक जागा मोकळी आहे. अंकुशचं मी शेवटचं विचारतो. ‘घेऊ नये’ कायम ठेवायचं ना?”

त्याने दार उघडून धरले होते. हसण्याची छटाही त्याच्या आवाजात नव्हती.

मी म्हणालो, “कायम.”

लिलाव मी घरी बसून पाहिला. ज्याचे नाव कोणी मागितलेले नसते, ते पुकारलेही जात नाही. अंकुशचे पुकारले गेले नाही. त्याच वर्षी मी काम सोडले आणि वय झाले असे कारण दिले. निरोपसमारंभात संघाने माझ्या हाती चांदीचा छोटा बूट दिला. तो कपाटात आहे, पाठमोरा.

स्मरणिका हाती आली त्या दिवशी मी इंगळे सरांना फोन करून भांडलो. ‘पाठीचे जुने दुखणे’ कुठून आणले, अंकुशला असे काही कधी नव्हते, असे मी बरेच मोठ्याने सुनावले. ते म्हणाले, “सर, तुमीच त सांगतलं होतं मले, पायऱ्यांपाशी. म्या त्याले तवाच सांगतलं, का बापा, सर म्हनतात तसं जप.” ज्या खोट्यावर मी दात ओठ खात होतो, ते मीच त्यांच्या हाती दिले होते, आणि त्यांनी ते इमानाने सांभाळले होते.

संत्र्यांच्या आंबिया बहाराची तोड सुरू असताना मी शेंदूरजनाघाटला गेलो. अंकुशची बाग गावाबाहेर आहे. शेडमध्ये प्रतवारी चालली होती, बाहेर ट्रक उभा होता. तो मोठ्या आकाराची फळे वेगळी काढत होता. अंग भरले होते. कमरेला रुंद पट्टा आवळलेला होता, दवाखान्यातून देतात तसा.

“या काका,” तो म्हणाला. “तुमी येसान असं वाटलं नोतं.” खुर्ची दिली, संत्री सोलून पुढे ठेवली. इकडचे तिकडचे झाल्यावर मी पट्ट्याचे विचारले. दुखते म्हणून नव्हे, तो म्हणाला. दुखू नये म्हणून. तीन वर्षांपासून तो क्रेट उचलत नाही, माणसे उचलतात. वेगवान टाकणेही त्याने तेव्हाच सोडले. गावच्या स्पर्धेत दोन पावलांवरून फिरकी टाकतो. मग तो म्हणाला, “तुमी त्या वक्ती पायलं म्हनून वाचलो काका. नाई त अमोलभाऊसारखा खाटीवर पडून रायलो असतो. दुसरं कोन सांगते एवढं?”

बसून सांगता येईना, म्हणून मी उभा राहिलो आणि सांगितले. बूट, चार नावे, नागपूरची खोली, सगळे. त्याच्या हातातले संत्रे हातातच राहिले.

“म्हंजे माह्या कमरेले काईच नोतं?”

“काहीच नव्हते.”

“तुमाले कवा समजलं?”

“लिलावाच्या नऊ दिवस आधी.”

त्याने माझ्या पायांकडे पाहिले. “फोन होता न काका तुमच्यापाशी?”

“होता,” मी म्हणालो. “मला एकदा विचारलेही होते.” आणि त्याला तो एक शब्द सांगितला.

तो रागावला असता तर मला काहीतरी बोलता आले असते; भांडण मला येते. त्याने कमरेचा पट्टा सोडला आणि मी ज्या खुर्चीवरून उठलो होतो तिच्यावर ठेवला. भरलेल्या क्रेटपाशी जाऊन तो वाकला. एक मजूर धावत आला आणि म्हणाला, “भाऊ, राहू द्या, तुमची कंबर.” अंकुश म्हणाला, “काई नाई कमरेले,” आणि क्रेट उचलून ट्रकवर ठेवला. मग दुसरा. तिसऱ्याला तो गुडघ्यात नीट वाकला, खांदा आणि कंबर एकत्र वळवून त्याने वजन वर घेतले, आणि इतक्या वर्षांची सवय, माझी नजर त्या वळणावर जाऊन बसली. त्याच्या ते ध्यानात आले.

“आता तुमी नोका पाहू काका,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

मी पाठ फिरवून रस्त्यापर्यंत चालत आलो. क्रेट ट्रकवर पडल्याचे आवाज मागून येत होते.

इंगळे सरांना आणि त्या महाविद्यालयाला माझी जाहीर विनंती आहे. स्मरणिकेची पुन्हा छपाई होईल तेव्हा अंकुशविषयीच्या वाक्यातून ‘पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे’ हे तीन शब्द काढावेत. ती जागा रिकामी ठेवू नये. तिथे माझे नाव घालावे. वडिलांच्या नावासकट तेही तीनच शब्दांचे आहे.